बुलढाण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या: मिशनरी गेले, मग चर्च टिकलं कसं? आणि जनगणनेतला एक रकाना त्यांना अवघड का वाटतो?

रविवारची सकाळ. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव किंवा मलकापूर, जिल्ह्यातल्या यांपैकी कुठल्याही गावात जुन्या मिशन कंपाउंडच्या बाजूने गेलं तर पेटी आणि ढोलकीवर मराठी भजन ऐकू येतं. आत काही डझन कुटुंबं असतात. पुढच्या बाकांवर आजी-आजोबा, मागे शाळकरी मुलं. मधली पिढी बरीचशी पुण्यात, नाशिकमध्ये किंवा मुंबईत नोकरीला. दिवाळीच्या सुटीत आणि नाताळात ती परत येते, तेव्हा बाक पुरत नाहीत.

महाराष्ट्रातले ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला वसई, मुंबई, फार तर अहिल्यानगर आठवतं. बुलढाणा कुणाला आठवत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिश्चनांची संख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास होती, म्हणजे एक टक्क्यापेक्षा थोडी कमी. जवळपास २६ लाख लोकसंख्येच्या बुलढाणा जिल्ह्यात तर त्यांचं प्रमाण याहूनही खूप खाली आहे. तरीही इथल्या काही मंडळ्यांचा इतिहास सव्वाशे वर्षांच्या घरातला आहे.

आता देशात नवी जनगणना होते आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक आहे आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद घेतली जाणार आहे. धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना शेजारी शेजारी आले की या छोट्या मंडळ्यांमधल्या अनेक घरांत एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: खरं काय ते लिहायचं, की सोयीचं ते?

हा प्रश्न आला कुठून, हे समजून घ्यायचं तर आधी ही चर्च इथे कशी आली ते पाहावं लागेल.

कापूस, रेल्वे आणि छप्पनचा दुष्काळ

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्या १५ वर्षांत मुंबई-नागपूर रेल्वे इथून गेली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं झाली. खामगावची कापसाची बाजारपेठ इतकी मोठी होती की जलंबपासून तिच्यासाठी वेगळा फाटा टाकला गेला. रेल्वेने कापूस बाहेर नेला आणि बाहेरची माणसं आत आणली. त्यात मिशनरीही होते.

त्या काळी प्रोटेस्टंट मिशन संस्था आपापसांत भाग वाटून घेत. अहमदनगर आणि सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, तर नागपूर स्कॉटिश मिशनकडे. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपुरात काम सुरू केलं होतं, तिथलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. बुलढाण्याच्या सीमेला लागून असलेल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं. वऱ्हाडात आणि खान्देशात मुख्यतः ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकी संस्था आली. लोक तिला नुसतं 'अलायन्स मिशन' म्हणतात. अकोला, खामगाव, मलकापूर ही तिची केंद्रं.

दुसरा प्रवाह नाझरीन मिशनचा. पुढे ज्याचं नाव 'चर्च ऑफ द नाझरीन' झालं, त्या गटाचे पहिले मिशनरी १८९८ मध्ये भारतात आले. सुरुवात इगतपुरीला झाली आणि नंतर बुलढाणा हे मुख्य ठाणं बनलं. लेटन ट्रेसी यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षं इथे काढली. १९३० च्या दशकात मेथडिस्ट मिशनचं वाशिमचं काम नाझरीन मिशनकडे आलं. तिथे १९३८ मध्ये सुरू झालेलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल डॉ. ऑर्फा स्पायकर या महिला डॉक्टरने उभं केलं.

पण मिशनरी आले म्हणून लोक लगेच ख्रिस्ती झाले, असं घडलं नाही. सुरुवातीची अनेक वर्षं मंडळ्या अगदीच लहान होत्या. त्यांचा आकार बदलला तो दुष्काळामुळे.

१८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा. दुसऱ्याला लोक संवत १९५६ वरून 'छप्पनचा दुष्काळ' म्हणतात. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी जवळपास दीड लाख माणसं कमी भरली. आईवडील गेलेली मुलं रस्त्यावर आली आणि मिशनच्या अनाथाश्रमांनी त्यांना घेतलं. इथल्या काही ख्रिस्ती घराण्यांची मुळं याच मुलामुलींपर्यंत जातात.

बाकीची कुटुंबं आली ती मुख्यतः गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून, विशेषतः महार आणि मांग समाजातून. शाळा, दवाखाना आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक, हे त्यामागचं मोठं कारण होतं. धर्माचा ओढा आणि जातीपासून सुटका, या दोन गोष्टी त्यांच्या बाबतीत वेगळ्या काढता येत नाहीत.

मिशन कंपाउंड म्हणजे काय होतं?

नुसतं चर्च नाही. एका आवारात बंगला, शाळा, बोर्डिंग, विहीर, कामगारांच्या खोल्या आणि जवळपास दफनभूमी. म्हणजे गावाच्या कडेला वसलेलं दुसरं छोटं गाव. शिक्षक, परिचारिका, बायबल सांगत फिरणारे प्रचारक, स्वयंपाकी, माळी, सगळ्यांचा पगार मिशनमधून येई.

याचे फायदे उघड होते. ज्या मुलींनी शाळेचं तोंडही पाहिलं नसतं, त्या शिक्षिका आणि नर्स झाल्या. दोन पिढ्यांत कुटुंबांची परिस्थिती पालटली.

पण तोटाही होता. नोकरी, घर, शिक्षण, लग्न आणि देव, सगळं एकाच दारातून मिळायचं. त्यामुळे मंडळीला स्वतःच्या पायावर उभं राहायची सवय लागायला वेळ लागला. उरलेल्या गावाच्या नजरेत हे 'मिशनवाले' राहिले. त्यांची भाषा वऱ्हाडीच होती आणि ताटातली भाकरही तीच, पण पत्ता वेगळा झाला होता.

१९५६: एका वर्षात तीन घटना

इथल्या मंडळ्यांचं आजचं रूप समजायचं तर १९५६ हे वर्ष महत्त्वाचं आहे.

पहिली घटना नियोगी समितीची. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेश राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी त्या सरकारने १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एम. बी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस त्यात होती. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकतर्फी असल्याचं म्हटलं. धर्मांतराविषयीच्या आजच्या राजकीय वादातही या अहवालाचा दाखला दिला जातो.

दुसरी घटना १४ ऑक्टोबरची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली होती. तेव्हापासून ते कोणता धर्म निवडणार याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, त्यात ख्रिस्ती मिशनरीही होते. निवड बौद्ध धम्माची झाली आणि विदर्भातला महार समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. आज बुलढाणा जिल्ह्यात साधारण सात माणसांमागे एक बौद्ध आहे. जातीतून बाहेर पडण्याची जी वाट मिशनने काहींना दाखवली होती, तिच्यापेक्षा मोठी आणि स्वतःच्या नेत्याने आखलेली वाट आता समोर होती. चर्चची वाढ इथे थांबली, याचं सर्वांत मोठं कारण कदाचित हेच आहे.

तिसरी घटना १ नोव्हेंबरची. राज्य पुनर्रचनेत बुलढाण्यासह विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. याचा परिणाम १२ वर्षांनी दिसला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने 'धर्म स्वातंत्र्य' कायदा केला. धर्मांतराची माहिती जिल्हा प्रशासनाला देणं बंधनकारक झालं. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये, स्टॅनिस्लॉस खटल्यात, तो वैध ठरवला. पण बुलढाणा तेव्हा महाराष्ट्रात होता, त्यामुळे नियोगी समितीच्या राज्यात असलेला हा जिल्हा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

याच काळात केंद्र सरकारने नव्या परदेशी मिशनऱ्यांच्या व्हिसावर निर्बंध घट्ट केले. पुढच्या दोन-तीन दशकांत परदेशी मिशनरी एकेक करून गेले. बंगले राहिले आणि चाव्या स्थानिक माणसांच्या हातात आल्या.

आज मंडळी चालते कशी?

'मंडळी' हा शब्द इथे चर्चच्या सभासदांच्या समूहासाठी वापरतात. तिचा धर्मगुरू म्हणजे पाळक, बोलताना 'पास्टर' किंवा 'पाळकसाहेब'.

नाझरीन पद्धतीत पाळक वरून लादला जात नाही. मंडळीतून निवडलेलं चर्च बोर्ड नाव सुचवतं, डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटची संमती घेतली जाते आणि सभासद मतदान करतात. इथला 'डिस्ट्रिक्ट' सरकारी जिल्हा नसतो, अनेक मंडळ्यांचा मिळून तो होतो. सभासदांनी दारू आणि तंबाखूपासून दूर राहावं असा नियम आहे. स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा देण्याची तरतूद या पंथात अगदी सुरुवातीपासून आहे, प्रत्यक्षात व्यासपीठावर मात्र पुरुषच जास्त दिसतात.

पैसा येतो कुठून? मुख्य स्रोत दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. त्याशिवाय रविवारचं अर्पण आणि वर्षातून एकदा कापणीचा सण. या दिवशी घरोघरून धान्य, तूर, भोपळे, कोंबड्या, घरी केलेले पदार्थ चर्चमध्ये येतात आणि उपासनेनंतर त्यांचा हर्रास होतो. दहा रुपयांची वस्तू कुणीतरी मुद्दाम दोनशेला घेतो आणि पुन्हा चर्चला देतो. मग तिचा दुसऱ्यांदा हर्रास! हसतखेळत चालणारा हा कार्यक्रम अनेक ठिकाणी वर्षाच्या खर्चाला मोठा हातभार लावतो.

परदेशातून पैसा येतो, असा समज बाहेर पक्का आहे. प्रत्यक्षात परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात घ्यावी लागते. मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेला मिळणारी मदत त्यामुळे बंद झाली. तालुक्याच्या गावातल्या मंडळीला तिच्या सभासदांचाच आधार उरतो. आणि कमावते सभासद तर पुण्यात!

लग्नाचंही असंच. ख्रिस्ती विवाह आजही १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने होतात. बिशप-परंपरेच्या बाहेरच्या पाळकाला लग्न लावण्यासाठी सरकारी परवाना लागतो. साधारणपणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावावं लागतं. प्रत्येक लग्नाची नोंद रजिस्टरमध्ये करून तिची प्रत सरकारकडे पाठवावी लागते. पाळकाकडे परवाना नसेल तर शेजारच्या गावाहून परवानाधारक पाळक बोलवावा लागतो.

या सगळ्यापलीकडे मंडळी ही एकमेकांना धरून ठेवणारी व्यवस्था आहे. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल, आजारी माणसाच्या घरची प्रार्थना. कुणी वारलं की खड्डा खणण्यापासून चहापर्यंत सगळं मंडळी बघते. गाणी 'उपासना संगीत' या पुस्तकातली असतात. त्यातल्या चाली ऐकून वारकरी माणसालाही ओळखीचं वाटावं. रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या कवींनी शंभर वर्षांपूर्वी मराठी भजन-अभंगांची परंपरा चर्चमध्ये आणली, त्याचा हा परिणाम.

मग जनगणनेचा पेच काय आहे?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत.

म्हणजे एकाच आजोबांची दोन नातवंडं घ्या. एकाचे वडील बौद्ध झाले, दुसऱ्याचे ख्रिस्ती राहिले. पहिल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. दुसऱ्याला महाराष्ट्रात ओबीसी म्हणून सवलत आहे, पण अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, नोकरीतलं आरक्षण आणि राखीव मतदारसंघ नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातला मेहकर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे पहिला भाऊ निवडणूक लढवू शकतो, दुसरा नाही.

अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात हेच सांगितलं: ख्रिस्ती धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची राहत नाही, म्हणून हा कायदा लागू होत नाही.

यावर दोन बाजू आहेत. सरकारची आणि काही दलित संघटनांची भूमिका अशी की अस्पृश्यता ही हिंदू समाजरचनेतली गोष्ट आहे, ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग जातीचा लाभ कसा मागता? शिवाय आधीच अपुऱ्या जागांमध्ये नवे वाटेकरी येतील. दुसरी बाजू म्हणते, धर्म बदलला तरी गावातलं घर, आडनाव आणि गावकऱ्यांची नजर बदलत नाही. चर्चच्या आतही लग्न जुळवताना जात विचारली जाते, हे मंडळ्यांमधले लोकच मान्य करतात. १९८५ च्या सूसाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की धर्मांतरानंतरही तितकाच छळ होतो याचे पुरेसे पुरावे समोर नाहीत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याला दोन वर्षांची मुदत होती, ती पुढे वाढवली गेली.

या सगळ्याचा छोट्या मंडळीवर थेट परिणाम होतो. काही कुटुंबं रविवारी चर्चमध्ये असतात आणि कागदावर हिंदू किंवा बौद्ध. मुलाच्या कॉलेजच्या फीचा प्रश्न असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीतल्या एका प्रकरणात अशा दुहेरी ओळखीवर कडक शब्दांत बोट ठेवलं: बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगायचं, हे चालणार नाही.

मग जनगणनेत काय लिहायचं? 'ख्रिश्चन' लिहिलं तर उद्या दाखल्यावर प्रश्न येईल, अशी भीती वाटते. कायद्याने जनगणनेतली वैयक्तिक माहिती गोपनीय असते आणि कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण हे सगळ्यांना माहीत नसतं. 'ख्रिश्चन' नाही लिहिलं, तर कागदावर समाज आणखी आकसतो. मग दफनभूमीसाठी जागा मागताना किंवा अल्पसंख्याक योजनांसाठी अर्ज करताना उत्तर मिळतं: तुम्ही आहातच किती?

जागा कुणाची?

दुसरा प्रश्न जमिनीचा. शंभर वर्षांपूर्वी गावाबाहेर असलेली मिशनची जागा आज भर वस्तीत आहे. बहुतेक ठिकाणी ती सार्वजनिक न्यासाच्या नावावर असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. जमीन विकायची तर कलम ३६ खाली पूर्वपरवानगी लागते.

राज्यभर अशा मालमत्तांवर वाद आहेत: खरे विश्वस्त कोण, जुने भाडेकरू कोण, विकास करार कुणी केला. सामान्य सभासदाला बऱ्याचदा न्यासाच्या कागदावर कुणाची नावं आहेत हेही माहीत नसतं. ती माहिती धर्मादाय कार्यालयात अर्ज करून मिळते. आपल्या मंडळीच्या न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि शेवटचा मंजूर बदल अर्ज सभासदांना ठाऊक असणं, ही साधी गोष्ट पुढची अनेक भांडणं टाळू शकते.

धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा आणि घरातल्या प्रार्थना

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने 'लव्ह जिहाद' आणि सक्तीच्या धर्मांतराविरोधात कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. इतर राज्यांतल्या अशा कायद्यांमध्ये साधारण तीन गोष्टी असतात: धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांना सूचना, सक्ती किंवा आमिषाला कैद, आणि धर्मांतर स्वेच्छेने झालं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यांत साठ दिवस आधी सूचना द्यावी लागते.

समर्थकांच्या मते यामुळे गरिबांची फसवणूक थांबेल. टीकाकारांच्या मते 'आमिष' या शब्दाची व्याख्या इतकी सैल असते की मोफत शिकवणी किंवा आजाऱ्यासाठी केलेली प्रार्थनाही त्यात बसवता येते.

जुन्या नाझरीन किंवा अलायन्स मंडळ्या आता फारसं धर्मांतर करत नाहीत. त्यांची वाढ झाली तर ती जन्माने होते. दरम्यान, अनेक जिल्ह्यांत गेल्या काही दशकांत स्वतंत्र पाळकांच्या घरगुती प्रार्थनासभा वाढल्या आहेत. त्यांच्यामागे जुनी संस्था नसते, नोंदणीकृत जागाही नसते. तक्रार झाली की पोलीस पहिल्यांदा तिथे पोचतात. पण शेजाऱ्यांच्या मनात या दोन्हींत फरक नसतो. शंभर वर्षं गावात असलेल्या पाळकालाही मग 'तुम्ही नेमकं काय करता?' या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

पुढे काय?

इथली चर्च लगेच बंद पडतील असं नाही. एकेकाळी जे पगारपत्रक मिशनच्या बंगल्यातून निघायचं, त्याची जागा आता दशमांशाच्या पाकिटाने आणि भोपळ्याच्या हर्रासाने घेतली आहे. हे छोटं यश नाही.

पण पुढच्या दहा वर्षांत तीन गोष्टी ठरतील. शहरात गेलेली मुलं गावच्या मंडळीचं सभासदत्व ठेवतील का. जागांचे कागद नीट होतील का. आणि धर्म लिहिताना कुटुंबाला शिष्यवृत्तीचा हिशोब करावा लागणार नाही, अशी व्यवस्था होईल का. पहिल्या दोन गोष्टी मंडळीच्या हातात आहेत. तिसरी दिल्लीत ठरेल. तोवर जनगणना कर्मचारी दारात येईल, धर्म विचारेल, आणि घरातला कर्ता माणूस उत्तर देण्याआधी क्षणभर थांबेल.